मदत हवी आहे: विश्वासाने सार्वकालिक जीवन, मग कृत्यांचं काय?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला, सदरमध्ये राहते. आमच्या चर्चमधल्या तरुणांच्या बायबल अभ्यासात येत्या रविवारी ‘सार्वकालिक जीवन’ (देवाबरोबरचं कधीही न संपणारं जीवन) हा विषय माझ्या गळ्यात पडलाय. (रविवारच्या सावजीवर पाणी, दुसरं काय!)

बायबलमधलं योहान ३:१६ (देवाच्या पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन मिळतं) सगळ्यांना पाठ आहे. ५:२४ तर मला फार आवडतं: विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेलेलाच आहे. म्हणजे हे मेल्यावरच सुरू होणारं काही नव्हे.

घोडं अडतं ते पुढे. इफिसकरांस २:८-९ प्रमाणे तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कृत्यांनी नाही. याकोब २:२४ मात्र म्हणतो, माणूस कृत्यांनी नीतिमान (देवासमोर निर्दोष) ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. पोरं हुशार आहेत, दोन्ही वचनं समोरासमोर ठेवणारच. येशूसोबत वधस्तंभावर खिळलेल्या त्या अपराध्याला सत्कृत्यं करायला वेळ तरी कुठे होता? तरी येशूने त्याला त्याच दिवशी सुखलोकात सोबत असण्याचं वचन दिलं.

माझ्या मते पौल (इफिसकरांस पत्र त्याच्याच नावाचं) मुळाबद्दल बोलतो, याकोब फळाबद्दल. इफिसकरांस २:१० मध्ये सत्कृत्यं आहेतच की! पण एवढ्यावर भागेल का?

काही मुलं कॅथलिक घरांतली आहेत. कॅथलिक आणि लूथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट) मंडळींनी १९९९ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला याच विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या होत्या. ते सोप्या मराठीत कोणी समजावून सांगेल का? शनिवारपर्यंत सांगितलंत तर बरं होईल जी.