मदत हवी आहे: 20 किमी उंचीवर तरंगणारा परग्रहावरचा जीव श्वास कसा घेईल?

मंडळी, एका विज्ञानकथेसाठी उडणारा जीव रचते आहे. ग्रहाचं गुरुत्वाकर्षण आणि हवा मुद्दाम पृथ्वीसारखीच ठेवली आहे. जीव 20 किमीवर दिवसच्या दिवस तरंगतो, हे कथेत पक्कं आहे. तो वाचकाला पटायला हवा, म्हणून विचारते.

पंखांचं कोडं बरंचसं सुटलंय. तिथली हवा समुद्रसपाटीच्या साधारण चौदाव्या हिश्श्याइतकी विरळ, म्हणजे तेवढ्याच पंखांवर तगायचं तर वेग पावणेचार पट हवा. फडफडून ते व्हायचं नाही. पण 2018 मध्ये पर्लान 2 हे बिनइंजिनाचं ग्लायडर डोंगरांवरून उसळणाऱ्या वाऱ्याच्या लाटांवर 23 किमीपर्यंत चढलं होतं. माझा जीवही लांब, अरुंद पंख पसरून तसाच चढतो. (हायड्रोजनची पिशवी करून पाहिली, तिथे एक घनमीटर जेमतेम 80 ग्रॅम उचलतो.)

घोडं अडलंय श्वासापाशी. 1973 मध्ये आयव्हरी कोस्टवर विमानाला धडकलेलं रुपेलचं गिधाड 11 किमीच्या वर होतं. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते, त्यामुळे विरळ हवेतलाही प्राणवायू त्यांना मिळतो. ती रचना मी घेतली. पण 19 किमीच्या आसपास दाब इतका उतरतो की पाणी 37 अंशांनाच उकळतं. जिभेवरची लाळ, डोळ्यांतला ओलावा, फुप्फुसांचं ओलं अस्तर, सगळ्याची वाफ!

म्हणून असं योजलंय की चढता चढता तो अंग निववत नेतो. शरीर 10 अंशांवर आलं की तिथल्या दाबालाही पाणी उकळत नाही, शिवाय प्राणवायूची गरज घटते. पारदर्शक पापण्या घट्ट मिटलेल्या, नाकपुड्या नुसत्या चिरा. पाठ काळीभोर, कारण बाहेर उणे 56 अंश असतात आणि ऊन हाच एक आधार.

आता विचारायचं ते हे. अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या खांद्यात पसरलेला पंख धरून ठेवणारी कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी चिवट दोरी) असते, तशी याला दिली तर पंख पसरलेले राहतील. पण वाऱ्याचा अचानक धक्का बसला तर इतके गार स्नायू पंख वेळेत वळवतील का? की पंखाचं टोकच आपोआप लवेल असं काही करावं? आणि रात्री, ऊन नसताना, 10 अंश तरी कसे टिकवायचे? चरबी जाळावी तर प्राणवायू लागतो. प्राणीशास्त्र किंवा ग्लायडिंग जाणणाऱ्यांनी कृपया सांगा, रात्री त्याला खाली उतरवावंच लागेल का?