बेसबॉल-सॉफ्टबॉलचा अंपायर व्हायचंय, नोकरी सांभाळून जमतं का? (जळगाव/धुळे)

रावेरचा_केळीवाला
नमस्कार मंडळी, शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळायचो, नाशिक विभागापर्यंत गेलो होतो, बारावीनंतर सगळं सुटलं. आता पतसंस्थेत क्लार्क आहे, दहा ते सहा. मध्यंतरी जळगावला शालेय मॅचेस बघायला गेलो तर आमच्याच टीमचा जुना कॅचर प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागे, अंपायर म्हणून उभा! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळू राह्यला. विचारायचं असं की यात करिअर वगैरे काही असतं का नुसती हौस? सुट्ट्यांचं कसं जमवता तुम्ही लोक? आणि सामान काय लागतं, घरी क्रिकेटचं हेल्मेट अन् पॅड पडलेत त्यावर भागेल का? जमलं तर पुढे बेसबॉलही करायचा विचार आहे.

स्ट्राईक_थ्री
करिअर म्हणशील तर सरळ सांगतो भो, नाही. नुसत्या अंपायरिंगवर घर चालवणारा माणूस मी तरी खान्देशात पाहिला नाही. आमच्यात बहुतेक पीटीचे सर आहेत, त्यांना शाळा ओडी (ऑन ड्युटी) देते म्हणून निभतं, बाकी कोणी दुकानदार, कोणी एमआयडीसीत शिफ्टला. मला स्वतःला सीएल टाकावी लागते आणि साहेबाचं तोंड बघावं लागतं. मानधन म्हणजे पेट्रोल आणि एक शेवभाजी, ते पण हातात कधी पडेल याची गॅरंटी नाही. अमेरिकेत हे पोटापाण्याचं काम आहे पण तिथंही मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या लीगमध्ये, फुलटाइम जागा फक्त 76, आणि तिथवर पोचायला बऱ्याच जणांची खालच्या मायनर लीगमध्ये आठ-दहा वर्षं जातात.

आता सामान. क्रिकेटचं हेल्मेट विसर. जाळीतून बॉल आत येईल म्हणून नाही, ते झटकन काढता येत नाही म्हणून. बॉल बॅटला लागून वर गेला की प्लेट अंपायरला मास्क काढून बॉल शोधावा लागतो, तो पण डाव्या हाताने, कारण आऊट-सेफ उजव्या हाताने द्यायचं असतं. इंडिकेटर, म्हणजे स्ट्राईक-बॉल मोजायचं छोटं यंत्र, ते पण डाव्या हातातच. नवीन माणूस गडबडीत उजव्याने मास्क उपटतो, सोबत टोपी उडते, मग मैदानावर बॉल एकीकडे, अंपायर टोपीमागे आणि पोरं हसू राह्यलीत. टोपी छोट्या छज्ज्याची घे, नेहमीच्या टोपीवर मास्क बसत नाही.

धुळेकर_मॅडम
वरच्या दादांचं बरोबर आहे पण मास्कच्या आधी खालचं गार्ड घ्या, पुरुष मंडळी लाजून हे सांगत नाहीत म्हणून मी सांगते 😄 त्यानंतर मास्क, मग चेस्ट प्रोटेक्टर आणि शिन गार्ड, दोन्ही कपड्यांच्या आत घालायचे असतात. क्रिकेटचे पॅड पँटच्या आत जाणार कसे? बूट पुढून लोखंडी असतील तर उत्तम, फाऊल बॉल सरळ पायाच्या अंगठ्यावर येते. मी एमआयडीसीतल्या कामगारांचे सेफ्टी शूज वापरते, काळेच असतात, कोणाला कळत पण नाही.

ब्रश मात्र विसरू नका. आपल्या काळ्या मातीत पाऊस झाल्यावर प्लेट दोन बॅटरमध्येच दिसेनाशी होते, फक्कीची लाईन तर त्याआधीच गायब. प्लेट झाडताना पिचरकडे (बॉल टाकणाऱ्याकडे) पाठ करून वाका, म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड राहतं. पहिल्या मॅचला कोणी सांगत नाही हे.

आणि करिअर नाहीच असं मी म्हणणार नाही. जेन पावोल माहीत आहे ना? सॉफ्टबॉल खेळायची, सॉफ्टबॉलची अंपायर होती, शाळेत चित्रकला शिकवायची. 2016 ला मायनर लीगमध्ये शिरली आणि 9 ऑगस्ट 2025 ला अटलांटात मेजर लीगची मॅच केली, तिथली पहिली बाई, दुसऱ्याच दिवशी प्लेटमागे. आमच्या शाळेतल्या मुलींना मी तिचा फोटो दाखवते.

स्ट्राईक_थ्री
मॅडम ते अमेरिकेचं झालं, इथं जळगावात मे महिन्यात 44 डिग्रीत चेस्ट प्रोटेक्टर घालून उभं राहिल्यावर कोणाला करिअर आठवत नाही 😂

पोस्टमन_अमळनेर
मी पोस्टात आहे, अंपायरिंग फक्त रविवारी आणि सुट्टीला. एमेट ॲशफोर्डची गोष्ट वाचल्यापासून मला या कामाचा जरा जास्तच अभिमान आहे. लॉस एंजेलिसमधला हा माणूस पोस्टात होता, फावल्या वेळात अंपायरिंग करायचा, शेवटी पोस्टातली नोकरी सोडून मायनर लीगमध्ये गेला आणि 1966 ला मेजर लीगचा पहिला कृष्णवर्णीय अंपायर झाला, तेव्हा वय एक्कावन्न. मी काही नोकरी सोडणार नाही, पेन्शनचा प्रश्न आहे.

केळीवाले भाऊ, माझं ऐका, एवढ्यात काहीच विकत घेऊ नका. पहिला सीझन बेस अंपायर म्हणूनच उभे राहा. टोपी आणि इंडिकेटर पुरे, शर्ट-पँट असोसिएशन सांगेल त्या रंगाची. शिबिर लागलं की जायचं, लेखी होते, मैदानावरही बघतात. पहिल्या बेसवरचं एक लक्षात ठेवा, नजर बेसवर आणि कान ग्लोव्हकडे. रनरचा पाय बेसला लागताना बघायचा आणि बॉल ग्लोव्हमध्ये पडल्याचा टप्प आवाज ऐकायचा, आधी काय झालं त्यावर निर्णय. दोन्ही गोष्टी डोळ्यांनी बघायला गेलात तर एक निसटणारच. आणि फार जवळ धावू नका, पंधरा-अठरा फुटांवरून चांगलं दिसतं. आवाज झाल्यावर एक श्वास थांबा, फर्स्ट बेसमनच्या हातातून बॉल सुटतो पुष्कळदा आणि तुम्ही आधीच आऊट ओरडून बसलेले असता.

बेसबॉल करायचा म्हणता तर बेसमधलं अंतर 60 ऐवजी 90 फूट, डाव सातऐवजी नऊ, आणि रनर पिचच्या, म्हणजे बॉल टाकायच्या, आधीच बेस सोडून उभा राहतो. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून बॉल सुटायच्या आधी बेस सोडला तर आऊट, ती सवय डोक्यातून काढावी लागते. वर बॉक नावाचं प्रकरण आहे, म्हणजे रनर बेसवर असताना पिचरने केलेली नियमबाह्य हालचाल, त्याच्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

रावेरचा_केळीवाला
बापरे, भारी माहिती. सगळ्यांचे आभार. एक अजून, इनफिल्ड फ्लाय मला खेळताना पण कधी कळला नाही. आमचे सर म्हणायचे अंपायर म्हणतील तसं.

धुळेकर_मॅडम
तो अंपायरलाच घाम फोडतो 😄 पहिल्या-दुसऱ्या बेसवर रनर आहेत किंवा तिन्ही भरलेत, आणि दोनपेक्षा कमी आऊट आहेत, एवढं जुळलं की सावध व्हा. अशात इनफिल्डरला (बेसजवळच्या फिल्डरला) सहज पकडता येईल असा फेअर, म्हणजे फाऊल लाईनच्या आतला, उंच बॉल आला तर बॅटर आऊट, कॅच सुटला तरी. कारण नाहीतर फिल्डर मुद्दाम बॉल पाडेल आणि अडकलेल्या रनरांचा डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आऊट) काढेल. बंट (बॅट न फिरवता हळूच टेकवलेला बॉल) किंवा लाईन ड्राइव्हला (सपाट, जोरात गेलेल्या बॉलला) हा नियम नाही. बॉल सर्वात उंच गेला की हात वर करून मोठ्याने इनफिल्ड फ्लाय म्हणायचं, फाऊल लाईनजवळ असेल तर इफ फेअर जोडायचं. आणि मुळात ती परिस्थिती आली की पिचच्या आधीच दोघा अंपायरांनी एकमेकांना खूण करायची, आम्ही टोपीला हात लावतो. खूण झाली नाही की एक ओरडतो आणि दुसरा गप्प राहतो, मग दोन्ही कोच मैदानात येतात, पालक जाळीपलीकडून नियम शिकवतात ते वेगळंच.

स्ट्राईक_थ्री
मेजर लीगमध्ये 2026 पासून अंपायरच्या स्ट्राईक-बॉलच्या निर्णयाला मशीनकडे चॅलेंज करता येतं, टीमला दोन चॅलेंज. आपल्याकडे अनलिमिटेड आहेत, जाळीपलीकडून.

केळीवाला, शिन गार्डची एक जोडी माझ्याकडे पडून आहे, पट्टे सैल झालेत पण भुसावळला मोच्याकडून नवीन लावून मिळतील. प्लेटमागे उभं राहायची वेळ आली की मेसेज कर.