मलेरिया गोळ्यांना दाद देत नाही का? मुलाचा ताप तिसऱ्यांदा उलटलाय

माजघर:
नमस्कार मंडळी. मुलगा २३ वर्षांचा, मुंबईत बांधकाम साईटवर सुपरवायझर आहे. आम्ही साताऱ्याला. जुलैच्या शेवटी त्याला हुडहुडी भरून ताप आला. रक्त तपासलं तर 'पी. व्हायव्हॅक्स पॉझिटिव्ह'. क्लोरोक्विनच्या गोळ्या पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन अशा झाल्या. शिवाय चौदा दिवस रोज एक घ्यायची दुसरी गोळी होती. ताप तिसऱ्या दिवशी पळाला. नवरात्र बसायच्या आधी परत तेच. तेव्हा डॉक्टरकडे न जाता मेडिकलवाल्याकडून त्याच चार-चार-दोन घेतल्या, पुन्हा बरा. भाऊबीज झाली आणि दोन दिवसांत तिसऱ्यांदा ताप! या खेपेला दुसऱ्या डॉक्टरांनी आर्टेसुनेटची इंजेक्शनं दिली. रूममेट म्हणतात, मुंबईचा मलेरिया आता निर्ढावलाय, गोळ्यांना दाद देत नाही, थेट इंजेक्शनच घ्यायचं. हे खरं आहे का? पोराचं वजन सहा किलो उतरलंय. मला रात्री झोप लागत नाही.

हिरवाचुडा:
पपईच्या कोवळ्या पानांचा रस सकाळी अनशापोटी. आमच्या दिरांना गुण आला.

स्लाईडवाला:
पपईचा रस मलेरियाचा जंतू मारत नाही, तेवढं बाजूला ठेवा.

ताई, मी डॉक्टर नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एकतीस वर्षं लॅब टेक्निशियन होतो. सुईने बोट टोचायचं, काचेवर जाड थेंब आणि पातळ थेंब काढायचे, जेएसबी स्टेनमध्ये (जंतू दिसावा म्हणून लावायच्या रंगात) बुचकळून वाळवायचे आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. निवृत्तीनंतरही उजवा डोळा आपोआप बारीक होतो, बायको हसते.

आधी एक विचारतो. ती चौदा दिवसांची गोळी पोराने चौदाही दिवस घेतली का? खरं सांगायला लावा.

विचारायचं कारण असं. ताप परत येण्याच्या तीन तऱ्हा असतात. लोक तिन्हींना एकच नाव देतात, 'औषध लागू पडत नाही'. व्हायव्हॅक्सचा जंतू रक्तात असतो, तसाच थोडा यकृतात दडी मारून बसतो. क्लोरोक्विन रक्तातला मारतं. यकृतात झोपलेल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तो आठवड्यांनी, महिन्यांनी उठतो आणि पुन्हा हुडहुडी. त्याला मारणारी गोळी म्हणजे प्रायमाक्विन, तीच चौदा दिवसांची. दुसरी तऱ्हा म्हणजे नवा डास, नवा जंतू. साईटवर साचलेलं पाणी असेल तर तेही सहज शक्य. औषधाला खरोखर न जुमानणारा जंतू ही तिसरी तऱ्हा, आणि तो असा सावकाश दोन-दोन महिन्यांनी येत नाही. क्लोरोक्विन शरीरात काही आठवडे रेंगाळतं. औषध रक्तात असतानाच, म्हणजे अठ्ठावीस दिवसांच्या आत स्लाईडवर जंतू पुन्हा दिसला, तर माझे कान टवकारतात. तुमच्याकडे दोन्ही वेळा दीड-दोन महिन्यांचं अंतर आहे. माझा संशय झोपलेल्यावर.

व्हायव्हॅक्स क्लोरोक्विनला निर्ढावतच नाही असं मात्र नाही. १९८९मध्ये पापुआ न्यू गिनीत तो पहिल्यांदा नोंदला गेला. पण आपल्याकडे व्हायव्हॅक्सला आजही पहिलं औषध क्लोरोक्विनच आहे.

माजघर:
काका, फोन करून विचारलं. आधी 'हो हो घेतली' म्हणाला. मग बॅग उघडून स्ट्रिपचा फोटो पाठवायला सांगितला. चौदा गोळ्यांची स्ट्रिप, चार खळगे फुटलेले, दहा भरलेले. म्हणे पोटात जळजळायचं आणि ताप तर गेला होता. मी काय बोलू? पण मग निर्ढावलेला मलेरिया ही नुसती अफवा आहे का?

स्लाईडवाला:
अफवा नाही. उलट फार खरी गोष्ट आहे, फक्त तुमच्या घरात ती घडलेली दिसत नाही. आधी पोराचं बघू.

प्रायमाक्विन पुन्हा सुरू करायचं तर डॉक्टरला विचारून, आणि त्याआधी जी-सिक्स-पी-डीची रक्ततपासणी. काही लोकांच्या रक्तात ते एन्झाइम कमी असतं. त्यांना ही गोळी दिली तर लाल पेशी फुटतात, लघवी चहाच्या किंवा कोकमाच्या रंगाची होते. तसं दिसलं तर गोळी बंद आणि थेट दवाखाना. गोळी जेवणानंतर घ्यायची, जळजळ कमी होते. उरलेल्या दहा गोळ्यांनी भागवायचं नाही, पूर्ण चौदा दिवस नव्याने.

आता तुमचा दुसरा प्रश्न. क्लोरोक्विन १९३४मध्ये जर्मनीत तयार झालं. स्वस्त, तीन दिवसांत काम फत्ते. ब्राझीलमध्ये तर १९५०च्या दशकात ते मिठात मिसळून वाटत होते! थोडं थोडं औषध, सगळ्यांना, रोज. जंतूला सराव करून द्यायची याहून चांगली सोय कुठली? त्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि कोलंबियात फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा दुसरा, जास्त घातक जंतू, क्लोरोक्विनला दाद देईनासा झाला. भारतात तो पहिल्यांदा सापडला १९७३ साली, आसामच्या कार्बी आंगलाँग भागात.

जंतू हे करतो कसं? तो लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खातो. खाऊन उरलेलं 'हीम' त्याला विष असतं, म्हणून तो त्याचे स्फटिक करून ठेवतो. स्लाईडवर काळपट ठिपके दिसतात ते तेच. क्लोरोक्विन हे स्फटिक होऊ देत नाही, जंतू स्वतःच्याच उष्ट्याने मरतो. निर्ढावलेल्या जंतूच्या जठराच्या भिंतीत एक दार बदललेलं असतं. औषध आत शिरतं आणि त्या दारातून बाहेर फेकलं जातं.

आमची चूकही सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा नियम असा होता की ताप दिसला, स्लाईड घेतली की रिपोर्टची वाट न बघता क्लोरोक्विनच्या चार गोळ्या द्यायच्या. पूर्ण कोर्स रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यावर. आता भर पावसात, नाल्याला पूर आलेला, स्लाईड केंद्रावर पोचायची दहाव्या दिवशी आणि रिपोर्ट गावात जायचा पंधराव्या दिवशी. तोवर माणूस धानाच्या बांधीत रोवणीला. त्याच्या अंगात फक्त चार गोळ्या. असे किती हजार जण माझ्याच हातून गेले असतील! तेव्हा दुसरा इलाज नव्हता हे मान्य, पण जंतू ते ऐकत नाही. रक्ताच्या थेंबावर झटपट तपासणी करणारं कीट आलं, पंधरा मिनिटांत आशाताईच्या दारातच निकाल लागायला लागला, तेव्हा कुठे ते थांबलं.

ब्लँटायरकर:
इथे मलावीत, ब्लँटायर शहरात, एका कंपनीत हिशेब बघतो, अकरा वर्षं झाली. मलेरिया इथे सर्दीसारखा. मला स्वतःला दोनदा होऊन गेला. स्लाईडवाले काका, इथली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. मलावीने १९९३मध्येच क्लोरोक्विन बंद केलं, आफ्रिकेत पहिल्यांदा. जागी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आणलं. काही वर्षांनी इथल्याच शहरात मुलांवर तपासून पाहिलं तर क्लोरोक्विन ९९ टक्के लागू पडलं, आणि नवं औषध जेमतेम २१ टक्के. २००६ साली ते छापून आलं. म्हणजे जुनं औषध झोपेतून उठून बसलं!

आता इथे आर्टेमेथर-लुमेफँट्रिन चालतं. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस, आणि डॉक्टर दटावून सांगतात की दूध किंवा तेलतुपाचं काहीतरी खाऊनच घ्या, नाहीतर लुमेफँट्रिन अंगी लागत नाही. मी वरणभातावर तूप ओढून घेतलं होतं. घरून आणलेल्या तुपाचा असाही उपयोग.

स्लाईडवाला:
व्वा. मलावीचं ऐकून होतो. कारण असं सांगतात की ते बदललेलं दार जंतूला महागात पडतं. औषधाचा मारा असेल तोवर ते कामाचं. मारा थांबला की साधे जंतू त्याच्या पुढे निघून जातात. म्हणून क्लोरोक्विन परत एकट्याने आणायचं मात्र कुणी धाडस केलं नाही, पुन्हा दार बदलायला कितीसा वेळ!

आता आर्टेमिसिनिन. आर्टेसुनेट आणि आर्टेमेथर ही त्याचीच रूपं. चीनच्या तू यूयू बाईंनी १९७०च्या दशकात एका वनस्पतीतून ते मिळवलं, २०१५मध्ये नोबेल मिळालं. इतक्या झपाट्याने जंतू मारणारं दुसरं औषध मी पाहिलेलं नाही. आज स्लाईडवर अंगठीसारखे दिसणारे जंतूच जंतू, परवा काच स्वच्छ. पण ते काही तासांत शरीरातून निघून जातं. म्हणून जोडीला रेंगाळणारं दुसरं औषध हवंच. बैलजोडी समजा. आपल्याकडे फाल्सिपॅरमला आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन ही जोडी. ईशान्येकडच्या राज्यांत यातला दुसरा बैल बसला, म्हणून २०१३मध्ये तिथे जोडी बदलून ब्लँटायरकरांची आर्टेमेथर-लुमेफँट्रिन दिली. आणि एकटं आर्टेसुनेट तोंडाने द्यायला आपल्याकडे २००९पासून बंदी आहे, ती याच कारणाने. एकट्या बैलावर नांगर टाकला की तोही लवकर बसतो. कंबोडियाच्या पश्चिमेला, पाइलिनकडे, तो बसायला लागल्याचं २००८-०९मध्ये दिसलंच. जंतू मरायचा, पण रेंगाळून. तिसऱ्या दिवशीही काचेवर दिसायचा.

रानमेवा:
मग गडचिरोलीतही असं सापडलं का? आमच्या बहिणीची बदली भामरागडला झालीय, म्हणून विचारते.

स्लाईडवाला:
माझ्या काचेवर जे दिसलं ते सांगतो. एका आजींची स्लाईड कोर्सनंतर चौदाव्या दिवशी पॉझिटिव्ह. फाल्सिपॅरम. नवीन डॉक्टर मुलगा उत्साहात, 'सर, रेझिस्टन्स!' मी म्हटलं, आधी घरी जाऊन येऊ. मोठ्या माणसांच्या गोळ्यांचं पाकीट पांढरं असतं, लहानांची वेगवेगळ्या रंगांची. पांढरं पाकीट कोनाड्यात रिकामं. आजींना माडियाशिवाय दुसरी भाषा नाही. आशाताईने हळूहळू विचारलं, तेव्हा त्यांनी पदराची गाठ सोडली. आत दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या, घामाने विरघळून एकमेकींना चिकटलेल्या. नातवाला ताप आला तर असू दे म्हणून. रागवायचं कुणावर? त्या बाईने दोन नातवंडं तापात गेलेली पाहिली होती. आशाताईने नवं पाकीट दिलं आणि तीन दिवस तिच्यासमोर गोळ्या गिळायला लावल्या. नातवासाठी वेगळं देऊ, असं तीनदा सांगावं लागलं.

दुसरा प्रकार उलटा. आश्रमशाळेतला पोरगा, औषध पूर्ण, वीस दिवसांनी साधा सर्दीताप, आणि कीट पॉझिटिव्ह. फाल्सिपॅरमचं कीट जंतू बघत नाही, त्याने टाकलेलं प्रथिन बघतं, आणि ते जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. स्लाईड काढली, शंभर फील्ड (मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणारे काचेचे तुकडे) मोजले, अजून शंभर मोजले. काही नाही. त्याला पॅरासिटामॉल पुरलं.

बहिणीला सांगा, मच्छरदाणी न्यायला विसरू नको, आणि ताप आला तर त्याच दिवशी बोट टोचून घे. फाल्सिपॅरम उद्यापर्यंत थांबत नाही.

माजघर:
काका, इंजेक्शनचं राहिलं. मग तिसऱ्या वेळी दिली ती चुकीची होती का?

स्लाईडवाला:
केसपेपर न पाहता मी चूक म्हणणार नाही. उलट्या होत असतील, पोरगा ग्लानीत असेल, तर देतात. पण इंजेक्शन म्हणजे 'भारी गोळी' नव्हे. तेही रक्तातलाच जंतू मारतं. यकृतातला झोपलेला त्याच्याही वाटेत येत नाही. आणि इंजेक्शनांनंतर तोंडाने पूर्ण कोर्स द्यावा लागतो. तो दिला होता का, पेपरवर बघा.

माजघर:
पेपर मागवला. तोंडाच्या गोळ्या तीन दिवस लिहिल्या होत्या, त्या घेतल्यात. प्रायमाक्विन या वेळी लिहिलेलंच नव्हतं. काल तो इथे घरी आलाय. जी-सिक्स-पी-डी तपासली, रिपोर्ट नॉर्मल. इथल्या डॉक्टरांनी आजपासून प्रायमाक्विन सुरू केलं, वजन बघून. रात्रीच्या जेवणानंतर मी समोर बसून गोळी देणार आहे. 'आई, मी लहान आहे का' असं चालू आहे.

स्लाईडवाला:
चालू द्या. रोज लघवीचा रंग विचारा, लाजला तरी. कोर्स संपला की एकदा, आणि पुढे कधी ताप आला तर लगेच, स्लाईड काढून घ्या. नुसत्या कीटवर भागवू नका. जाड आणि पातळ दोन्ही थेंब काढायला सांगा. पातळ थेंबात फुगलेली लाल पेशी दिसली की व्हायव्हॅक्स ओळखू येतो.

माजघर:
आज सहावा दिवस. सहा खळगे रिकामे. रात्री पिठलंभाकरी मागून खाल्ली.