बी विंग ग्रुप: मारुतीची डिझायर, सीएनजी, पेट्रोल की एएमटी?

साठे ४०४: नमस्कार मंडळी. तीन शोरूम झाले, तीन तऱ्हेची उत्तरं. एक म्हणतो सीएनजीच घ्या, दुसरा एएमटी (क्लच पेडल नसलेली ऑटोमॅटिक), तिसरा डिझायर सोडून होंडाची अमेझ गळ्यात मारतोय. बजेट ऑन-रोड साडेनऊ. शनिवारी टोकन द्यायचंय. ज्यांना कळतं त्यांनीच सांगा, फॉरवर्ड नकोत 🙏

गोखले ७०१: महिन्याचं रनिंग किती?

म्हात्रे २०३: साठे, आधी तुमच्या स्टॅक पार्किंगचं (एकावर एक गाड्यांचं) बघा. मागच्या पावसाळ्यात कोणाच्या गाडीने गाडी उचलणारं पॅलेट अडकलं होतं ते विसरला नसाल.

पाटील ६०२: म्हात्रे, नाव घेऊन बोला.

म्हात्रे २०३: मी कुठे कोणाचं नाव घेतलं?

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय मीटिंगमध्ये. कृपया 🙏

नाईक ३०१: डिझायर उंचीला १५२५ मिमी, आपल्या पॅलेटच्या पाटीवर १५५० आहे. बसते. वर कॅरियर लावू नका.

डिसूझा १०४: *Forwarded* ‘सर्व कॉम्पॅक्ट सेडानच्या किमती, महाराष्ट्र’

कांबळे ५०३: डिसूझा, ही यादी जीएसटी कमी व्हायच्या आधीची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २९ टक्क्यांचे १८ टक्के झाले. यातला एकही आकडा आता खरा नाही.

डिसूझा १०४: ओके. मेव्हण्याने पाठवली होती.

म्हात्रे २०३: फॉरवर्ड नकोत म्हणाले होते 😄

पाटील ६०२: मारुती म्हणजे पत्र्याचा डबा. एवढे पैसे घालताय तर मजबूत घ्या.

नाईक ३०१: ते जुन्या डिझायरला लागू होतं. नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या या मॉडेलला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्यांसाठी ५ स्टार, मुलांसाठी ४. सहा एअरबॅग आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) खालच्या व्हेरियंटपासून. बोलायचंच तर इंजिनावर बोला. आधीचं चार सिलिंडरचं गेलं, आता तीन सिलिंडरचं झेड-१२ई. ताकद ९० पीएसवरून ८२ वर आली. सिग्नलला उभी असताना स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते आणि चार माणसं, एसी चालू अशी चढावर नेली की दुसऱ्या गिअरमध्ये दमते. त्याच्या बदल्यात अ‍ॅव्हरेज: कागदावर मॅन्युअल २४.७९, एएमटी २५.७१, सीएनजी किलोला ३३.७३.

पाटील ६०२: कागदावर!

नाईक ३०१: हो, कागदावर. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोलला १५-१६ धरा, सीएनजीला २५ च्या आसपास. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका, तो जरा खुशमस्कऱ्या असतो. टाकी पहिल्या कटऑफपर्यंत (पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत) भरा, ट्रिप मीटर शून्य करा, पुन्हा त्याच पंपावर पहिल्या कटऑफपर्यंत भरा. किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळचे लिटर.

म्हात्रे २०३: आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे सगळ्यांचंच अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलंय.

कांबळे ५०३: निम्म्यावर कसं येईल? लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्के मिसळलं तर शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत हिशेबाने ६-७ टक्के घट, ई-१० च्या तुलनेत ३-४. त्याहून जास्त पडलं असेल तर टायरची हवा आणि एअर फिल्टर बघा.

म्हात्रे २०३: बरं बाई, तुमचं खरं.

कांबळे ५०३: माझं नाही, हिशेबाचं.

गोखले ७०१: महिन्याचं रनिंग किती?

शेख ५०१: साठेसाहेब, सीएनजी घेतली तर डिकी विसरा. पेट्रोलला ३८२ लिटर, सीएनजीत ५५ लिटरची टाकी आडवी बसते, मग एक केबिन बॅग आणि भाजीची पिशवी. दोन बारक्या टाक्या फ्लोअरखाली हव्या असतील तर टाटाची टिगोर बघा. आणि ५५ लिटर म्हणजे गॅस ८ किलोच्या आसपास. पंपावर प्रेशर नसेल तर त्याहून कमी. म्हणजे दोनशे किलोमीटर झाले की पुन्हा रांगेत.

नाईक ३०१: शिवाय दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (दाब सोसते का ती तपासणी). पेट्रोलही पाव टाकी ठेवायचं आणि आठवड्याला थोडं पेट्रोलवर चालवायचं, नाहीतर ते पडून शिळं होतं. बाहेरून किट बसवू नका, वॉरंटीची कटकट होते.

साठे ४०४: पण पैसे वाचतात ना?

गोखले ७०१: म्हणूनच तिसऱ्यांदा विचारतोय. महिन्याचं रनिंग किती??

साठे ४०४: सॉरी काका. ४०० किमी असेल. हिची शाळा आणि महिन्यातून एकदा नाशिक.

गोखले ७०१: आता लिहून घ्या. व्हीएक्सआय (खालून दुसरं व्हेरियंट) पेट्रोल आणि व्हीएक्सआय सीएनजी, एक्स-शोरूम फरक ८५-९० हजार. रोड टॅक्स मात्र आपल्याकडे १० लाखांच्या आत पेट्रोलला ११ टक्के, सीएनजीला ८ (जून २०२५ पर्यंत ७ होता). म्हणजे १५ हजार तिथे सुटतात. खरा फरक ७० हजार धरा. पेट्रोल १०४ रुपये लिटर धरलं तर त्यात १६ किमी, म्हणजे किमीला साडेसहा रुपये. गॅस ८० रुपये किलो धरला तर त्यात २५ किमी, म्हणजे ३.२०. किमीला ३.३० वाचतात. ७० हजार वसूल व्हायला २१ हजार किमी. तुमच्या रनिंगला जवळजवळ साडेचार वर्षं. महिन्याला १२०० असतं तर दीड वर्षात मोकळे झाला असता.

शेख ५०१: 👏

साठे ४०४: म्हणजे पेट्रोल. मॅन्युअल की एएमटी? गाडी आमची ही चालवणार, डावा गुडघा दुखतो.

पाटील ६०२: मग अमेझ सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक). चार सिलिंडर, ९० पीएस, डिकी ४१६.

नाईक ३०१: पाटीलसाहेब, या वेळी सहमत. चालवायला सीव्हीटी नक्कीच मऊ. पण अ‍ॅव्हरेज कागदावरच १९.४६ आणि साडेनऊत बसवताना ओढाताण होईल. डिझायर एएमटी बसेल. एएमटी म्हणजे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, क्लच मशीन दाबतं. म्हणून गिअर बदलताना मान हलते. बदलाच्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडला की कमी होते. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, क्लच जळतो. ब्रेक धरा. कसारा घाटात मॅन्युअल मोडला टाका.

कांबळे ५०३: वहिनींना टेस्ट ड्राइव्हला घेऊन जा, तुम्ही मागे बसा. एसी चालू, चार माणसं, चढावर थांबून पुन्हा उचला. सेडानची सीट खाली असते, गुडघ्याला उतरताना त्रास होतो की नाही ते तिथेच कळेल. पूर्ण भरलेली गाडी आपल्या रॅम्पच्या तोंडाशी घासते का तेही बघा, ग्राउंड क्लिअरन्स १६३ आहे.

साठे ४०४: कोटेशनमध्ये ‘हँडलिंग’ आणि ‘एसेन्शियल किट’ असं लावलंय.

कांबळे ५०३: दोन्ही काढायला सांगा. इन्शुरन्सही त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. एक वर्षाचा ओन डॅमेज (आपल्या गाडीचं नुकसान), तीन वर्षांचा थर्ड पार्टी (समोरच्याचं नुकसान), झीरो डेप (घसारा न कापता भरपाई), असं बाहेरून कोटेशन काढून समोर ठेवा, आकडा खाली येतो. नंबर पडायच्या आधी गाडी बघा. चेसिस नंबरवरून उत्पादनाचा महिना विचारा, टायरवरचे चार आकडे वाचा: ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. पाचही टायर. टोकन परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या.

साठे ४०४: मंडळी, फार उपकार झाले 🙏

सेक्रेटरी: नवीन गाडीच्या स्टिकरचा फॉर्म ऑफिसात आहे. मेंटेनन्स थकीत असल्यास स्टिकर मिळणार नाही.

पाटील ६०२: हे कोणाला उद्देशून?