मदत हवी आहे: थायरॉइड, पीसीओएस, फिरती शिफ्ट आणि कंपनीचं कॅन्टीन

नमस्कार मंडळी,

वय ३१. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड. थायरॉइड कमी (टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारं हार्मोन, मागच्या वेळी ७.८), सोबत पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा बिघाड, पाळीचा नेम नाही. गोळ्या तीन: थायरॉइडसाठी थायरॉक्सिन, पीसीओएससाठी मेटफॉर्मिन आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची. डॉक्टर चांगल्या आहेत, पण बाहेर एवढी रांग असते की "वेळेवर जेवा, गोड कमी करा" यापुढे बोलणं जातच नाही. माझी वेळ दर सोमवारी बदलते, तर वेळेवर म्हणजे नेमकं कधी?

फर्स्टला बस पावणेसहाला नाक्यावर येते. पोचल्या पोचल्या कॅन्टीनचा नाश्ता: पोहे, उपमा, गुरुवारी साबुदाणा खिचडी. चहा मशीनमधून साखरेसकटच पडतो. दुपारी भात, रबरासारख्या पोळ्या, बटाटा आणि आमटी, जिच्यात डाळ शोधावी लागते. त्यात प्रेस मशीन बंद पडली की जेवण गेलंच. लाइन उभी असताना मेंटेनन्सवाली ताटावर बसलेली कुणाला बघवत नाही. मग चारला बिस्किटं. सेकंडला जेवण आठला, घरी पोचायला पाऊण वाजतो.

प्रश्न असे:
थायरॉइडची गोळी सकाळऐवजी रात्री घेतली तर चालते का?
इन्स्टावर एक बाई गहू आणि दूध बंद करा म्हणतात, दुसरी महिन्याचे पहिले पंधरा दिवस जवस-भोपळ्याच्या बिया, पुढचे पंधरा तीळ-सूर्यफूल सांगते. जाऊबाई म्हणतात कोबी-फ्लॉवरला हात लावू नकोस. खरं काय?
पहाटे पाचला डबा करणं शक्य नाही, तेव्हा कॅन्टीनच्याच ताटात काय सुधारता येईल?

"डाएटिशियनला भेट" हे कृपया सांगू नका. अपॉइंटमेंट पुढच्या महिन्याची मिळाली आहे, तोवरचं विचारते आहे.

औषधवाला:
फार्मासिस्ट आहे, त्यामुळे फक्त गोळ्यांचं सांगतो. थायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून तास-दोन तास इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. पोट रिकामं हवं, हे मात्र पक्कं. सकाळी घेतली तर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको. रात्री घ्यायची तर शेवटच्या घासानंतर किमान तीन तास जाऊ द्या. सेकंडला आठचं जेवण आणि एकला झोप, म्हणजे तुम्हाला जमतंय, फक्त घरी आल्यावर दूध-चिवडा नको. फर्स्टच्या आठवड्यात मात्र संध्याकाळी लवकर जेवावं लागेल. लोह आणि कॅल्शियम या गोळीपासून चार तास लांब. लोहाच्या गोळीबरोबरही चहा नको, लिंबूपाणी चालेल. मेटफॉर्मिन जेवणासोबतच. ती बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा.

मोडाची_मटकी:
मी स्वतः पीसीओएसवाली, आहारशास्त्र शिकलेली. २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सरळ सांगतात की पीसीओएससाठी अमुक एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. जो झेपेल आणि टिकेल तो. बियांच्या वेळापत्रकाला भक्कम आधार नाही. बिया चांगल्या, त्यांना तारखा कशाला? कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात, आयोडीनयुक्त मिठासोबत खुशाल खा. गहू बंद करण्याआधी मात्र थांब. तुझा थायरॉइड ऑटोइम्यून असेल, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच त्याच्यावर उलटली असेल, तर सीलिअॅकची (गव्हातलं ग्लूटेन न सोसणाऱ्या आजाराची) तपासणी करता येते, पण ती गहू खात असतानाच करायची. आधीच सोडला तर रिपोर्ट फसवा येतो.

नुसत्या पिठूळ ताटाने इन्सुलिन वाढतं, आणि ते जास्त राहिलं की अंडाशय पुरुषी हार्मोन जास्त बनवतं, ही त्याची अडचण. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्या दिवशी वाटी अर्धी कर. पोह्यांवर घरून नेलेले मोडाचे मूग किंवा दोन उकडलेली अंडी. ड्रॉवरमध्ये फुटाणे-शेंगदाणे, बिस्किटांच्या जागी. जेवताना आधी काकडी-आमटी, भात शेवटी आणि थोडा. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो, आणि नाही उतरलं तरी वरच्या गोष्टी करायच्याच.

युनियनकाका:
पोरी, आमटीत डाळ शोधायला तू एकटी का? नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४६ कॅन्टीनचं होतं, त्यात व्यवस्थापन समितीवर कामगारांचे प्रतिनिधी घेण्याचीही तरतूद होती. तुमच्याकडे समिती कागदावर तरी असणार. एचआरला विचार, सदस्य कोण. "मला पीसीओएस आहे" वगैरे काही सांगायची गरज नाही. बिनसाखरेचा चहा, रोज एक उसळ, पैसे देऊन अंडी, एवढ्याच मागण्या लेखी दे. शुगरवाले निम्मे लोक सही करतील. ब्रेकडाउनवाल्यांचं ताट बाजूला काढून ठेवा, हेही त्यातच घाल. आमच्याकडे ठेकेदार बदलूनही चव तीच राहिली, पण डाळ घट्ट झाली.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. औषधवाले दादा, डॉक्टरांना मेसेज टाकलाय. काका, अर्जाचा मसुदा इथेच टाकते, बघाल का? आणि मटकीताई, शॉपफ्लोअरवर सध्या घामाच्या धारा लागतात. पहाटे उकडलेली अंडी लॉकरमध्ये किती वेळ टिकतात? नाश्त्यालाच संपवावी लागतील का?