फेब्रुवारीतली महाबळेश्वर ट्रिप : घरच्या ग्रुपवरची चर्चा

ताई : मंडळी पोचलो काल रात्री, फोटो टाकतेय हळूहळू. आधी कामाचं बोलते. फेब्रुवारीत सगळ्यांनी मिळून महाबळेश्वर ठरतंय ना, तर माझं ऐका आणि पॉइंटांची यादी काढत बसू नका. आम्ही या वेळी दोन रात्री क्षेत्र महाबळेश्वरला राहिलो, म्हणजे जुन्या गावात, बाजारपेठेपासून सहाएक किलोमीटरवर, आणि खरं सांगते इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिथे गेल्यासारखं वाटलं

दादा : पण पोरांना वेण्णा लेक, घोडे वगैरे लागणार ना. गाडीवाला म्हणतो एका दिवसात बारा पॉइंट दाखवतो

ताई : दादा तेच तर मागच्या वेळी केलं होतं आम्ही. पसरणी घाटात दीड तास अडकलो, मग उतरा फोटो काढा बसा, उतरा फोटो काढा बसा, चौथ्या पॉइंटला दोन्ही पोरं गाडीत झोपली. रूमपण कशी, बुकिंग करताना फोटोत दरी आणि प्रत्यक्षात खिडकीसमोर भिंत, वर पैसे परत मिळणार नाहीत म्हणाले. या वेळी एका शेतकऱ्याच्या घरीच खोली घेतली, स्वच्छ, साधी, मागच्या दारातून बाहेर पडलं की शेत

आत्या : मला जमेल का गं? गुडघ्यांचं तुला माहितीये. पायऱ्या किती आहेत देवळात?

ताई : आत्या जमेल तुला. महाबळेश्वराचं देऊळ आणि पंचगंगेचं देऊळ अगदी जवळजवळ आहेत, सावकाश गेलीस तर काही त्रास नाही. फक्त सकाळी सातच्या आत जायचं. दहानंतर गाड्या येतात आणि मग ती शांतता जाते. आम्ही गेलो तेव्हा धुकं होतं, दगड ओले, गोमुखातून पाणी पडतंय तेवढाच आवाज. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, पाच नद्यांची पाणी एकत्र येऊन त्या गोमुखातून कुंडात पडतात. धाकटीने ओंजळ धरली आणि दचकून मागे घेतली, इतकं गार

आत्या : आमची आजी सांगायची, सावित्रीच्या शापाने देव नद्या झाले, विष्णू म्हणजे कृष्णा, शंकर म्हणजे वेण्णा आणि ब्रह्मदेव म्हणजे कोयना. पोरांना तिथेच बसवून सांगायला हवी ही गोष्ट

काका : आणि इतिहासपण सांगा. ६ जानेवारी १६६५ ला सूर्यग्रहणाच्या वेळी शिवाजी महाराजांनी जिजाऊ आऊसाहेबांची सुवर्णतुला इथेच केली, त्यांच्या कारभारातल्या वडीलधाऱ्या सोनोपंत डबीरांचीही केली. लोक प्रतापगडाला जातात, जायलाच हवं, पण हे ठिकाण वाटेत असून चुकवतात याचं मला फार वाईट वाटतं

ताई : काका तुम्ही चला बरोबर, तुम्हीच सांगा पोरांना. आणि कृष्णाबाईचं देऊळ आवर्जून ठेवा. पंचगंगेपासून थोडं पुढे आहे आणि बहुतेक लोक जातच नाहीत. सगळं काळ्या दगडातलं, शेवाळलेलं, छोटं कुंड, आणि समोर एकदम कृष्णेचं खोरं उघडतं. आम्ही तिथे तासभर नुसते बसलो होतो, कोणीच काही बोललं नाही

नाना : मी पोहायला सांगलीच्या घाटावर शिकलो. ऐंशीच्या घरात आलो पण ही नदी निघते कुठून ते पाहिलं नाही. किती वेळा महाबळेश्वरला गेलो असेन, पण दर वेळी बाजार आणि पॉइंट. हीच कृष्णा पुढे वाई, सांगली करत कर्नाटक, तेलंगणातून आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, जवळजवळ १४०० किलोमीटर. आणि सावित्री त्याच डोंगरातून निघून पलीकडे कोकणात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगरावरचं पाणी, अर्धं पूर्वेला अर्धं पश्चिमेला

वहिनी : नाना किती छान सांगितलंत 🙏 ताई शेतात काय काय केलंत? पोरांना स्ट्रॉबेरी तोडू देतात का?

ताई : देतात पण आधी शिकवतात. त्या घरच्या काकूंनी सांगितलं फळ ओढायचं नाही, देठ नखाने खुडायचा, हिरवी टोपी फळालाच राहिली पाहिजे. आणि पान उचलून बघायचं, फळाची खालची बाजू पांढरी असेल तर सोडून द्यायचं कारण स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, आंब्यासारखी आढी लावून भागत नाही. थोरल्याने पहिली दहा फळं तशीच पांढऱ्या बुडाची तोडली आणि खाऊन बघितल्यावर त्याला आपोआप कळलं. गादीवाफे असतात, वर माती झाकणारा मल्चिंगचा प्लास्टिक कागद, आत ठिबकची नळी, कागदाला गोल भोकं आणि त्यातून रोप बाहेर. फळ मातीला टेकत नाही म्हणून सडत नाही. एक वेडंवाकडं फळ दाखवून त्या म्हणाल्या, फुलावर मधमाशी नीट फिरली नाही की असं होतं. मला हे माहीतच नव्हतं, मी अशी फळं बाजारात बाजूला काढायचे

दादा : हे भारी आहे. मग अशा फळांचं काय करतात?

ताई : बारीक आणि वाकडी जॅम आणि क्रशवाल्यांकडे जातात, भाव कमी मिळतो. चांगली फळं पहाटेच तोडून डब्यांत भरतात, ऊन चढलं की फळ मऊ पडतं. पहाटे बॅटरी लावून वाकून तोडणाऱ्या बायका पाहिल्या, मला तर दोन ओळींतच कंबर धरली. आणि अवकाळी पाऊस आला की तयार माल दोन दिवसांत जातो, हे सांगताना काकूंचा हात थांबला होता, पोरंसुद्धा गप्प झाली. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० पासून जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं मानांकन आहे, दादा तू रस्त्यावर घेताना कुठल्या शेतातली ते विचारत जा, शेतावर घेतलं तर पैसे सरळ त्यांच्या हातात जातात

वहिनी : मला भिलारलापण जायचंय, ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं तेव्हापासून मनात आहे. लोकांच्या घरात बसून वाचायचं, आणि तिथेही स्ट्रॉबेरीचीच शेतं. माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवायला फोटो हवेत

ताई : वहिनी परतीच्या वाटेवरच आहे, पाचगणीच्या अलीकडे, म्हणजे आपण उतरत असताना. अर्धा दिवस ठेवू. बाकी काही ठेवू नका

दादा : ठीक आहे, बारा पॉइंट रद्द. शनिवार रविवार नको मग, मंगळवारी निघून गुरुवारी परत. त्या काकूंना फोन करून तीन खोल्या विचार

आत्या : स्वेटर सगळ्यांनी घ्या, पहाटे देवळात जायचंय

ताई : नाना तुमच्यासाठी गोमुखातलं पाणी आणलंय बाटलीत, रविवारी घेऊन येते

नाना : देवघरात ठेव. पण खोल्या सांगताना मला धरून सांग, मी येतोय