प्लास्टिक मॉडेलचे किट पूर्ण झाल्यावर उरलेले सुटे भाग जपून ठेवावेत की टाकून द्यावेत?

बहात्तरावा_हिस्सा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात १/७२ प्रमाणातले (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढे) भारतीय हवाई दलाच्या जॅग्वार लढाऊ विमानाचे मॉडेल पूर्ण केले. आपल्या जॅग्वारचे वैशिष्ट्य म्हणजे पंखांच्या वरच्या बाजूला बसवलेली फ्रेंच बनावटीची मॅजिक क्षेपणास्त्रे. ती नसतील तर रंगसंगती आणि हवाई दलाची गोल चिन्हे कितीही अचूक असली, तरी जाणकाराच्या नजरेला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. माझ्या किटमध्ये ब्रिटिश विमानासाठीची साइडवाइंडर क्षेपणास्त्रे होती, मॅजिक नव्हती. सहा वर्षांपूर्वी केलेल्या मिराज २००० ची मॅजिकची जोडी मात्र ‘७२ – हवेतून हवेत’ अशी चिठ्ठी लावलेल्या कप्प्यात पाच मिनिटांत सापडली. हे एका मित्राला सांगितले, तेव्हा दोन क्षेपणास्त्रांसाठी सहा वर्षे अडगळ सांभाळणे शहाणपणाचे नाही, असे त्याचे मत पडले. ते मला पटलेले नाही, म्हणून हा धागा.

हे भाग उरतात कशामुळे, हे आधी पाहावे. पोलादी साचा घडवणे हा किटच्या खर्चातला फार मोठा भाग असतो. त्यामुळे उत्पादक एकाच साच्यातून विमानाच्या अनेक आवृत्त्या निघतील अशी योजना करतात आणि समान चौकटी (सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या काड्यांच्या) प्रत्येक खोक्यात घालतात. एडुआर्ड या कंपनीचे १/४८ प्रमाणातले मिग-२१ ज्यांनी केले आहे, त्यांना दुसऱ्या आवृत्तीचे किती भाग हातात राहतात हे ठाऊक असेल. याउलट हासेगावा या कंपनीची १/७२ ची कितीतरी जेट विमाने शस्त्रांविनाच येतात आणि शस्त्रांचे संच वेगळे विकत घ्यावे लागतात. एका खोक्यात जे जास्तीचे ठरते, ते दुसऱ्यात कमी पडते; ही तूट आपल्या घरातच भरून निघू शकते.

माझा आग्रह नुसत्या साठवणीचा नसून वर्गवारीचा आहे. सुरुवातीची काही वर्षे मी प्रत्येक किटचे उरलेले भाग एकेका पिशवीत भरून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवत असे आणि पिशवीवर किटचे नाव लिहीत असे. ही पद्धत चुकीची होती, कारण भाग शोधताना ‘मला इंधनाची टाकी हवी आहे’ एवढेच आपल्याला ठाऊक असते. ती कोणत्या किटमधून उरली होती हे आठवत नाही. आता मी आधी प्रमाणानुसार आणि मग उपयोगानुसार विभागणी करतो: हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे, बॉम्ब, टाक्या, चाके, पंखे, आसने आणि वैमानिक, कॉकपिटमधले बारीक सामान. पारदर्शक भागांवर ओरखडे पडतात, म्हणून ते टिश्यू पेपरात गुंडाळून स्वतंत्र ठेवतो. तांदळाच्या दाण्याहून लहान भाग चौकटीपासून कापतच नाही. चौकटीचा तेवढा तुकडा क्रमांकासकट ठेवतो, कारण कापलेला भाग एकदा क्रमांकापासून सुटला की तो कशाचा हे वर्षभराने सांगता येत नाही. हे सारे किट संपल्याच्या दिवशीच करावे. ‘नंतर लावू’ म्हणून बाजूला ठेवलेले भाग माझ्याकडून कधीही लावून झालेले नाहीत.

भरलेला_माळा

धागाकर्त्यांचे जॅग्वार पाहायला आवडेल. त्यांच्या निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. मीही अकरा वर्षे सर्व काही जपले. दोन बदल्यांमध्ये ते खोके माझ्याबरोबर गावे फिरले. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत सगळे बाहेर काढून आठवले, तर इतक्या वर्षांत वापरलेले भाग वीस-बावीसच्या पुढे जात नव्हते आणि त्यांत शस्त्रे, टाक्या नि चाके यांच्याखेरीज जवळपास काहीच नव्हते. एका आवृत्तीची उभी शेपटी त्याच किटच्या सांगाड्यावर बसते. दुसऱ्या उत्पादकाच्या त्याच विमानावरही ती घासून, पुट्टी भरून बसवावी लागते. अशा भागांना वर्गवारीचे कितीही कप्पे दिले, तरी त्यांचा उपयोग वाढत नाही.

दुसरा मुद्दा दर्जाचा आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या साच्यांतून आलेल्या क्षेपणास्त्रांचे पर जाड असतात आणि दोन अर्धुकांचा सांधा घासताना त्यांची गोलाई बिघडते. आज रेझिनमध्ये ओतलेली किंवा त्रिमितीय छपाईने बनवलेली शस्त्रे मिळतात, त्यांच्याशेजारी हा जुना साठा उणा दिसतो. महिनाभर खपून रंगवलेल्या विमानाला केवळ घरात आहेत म्हणून जाड परांची क्षेपणास्त्रे लावणे मला त्या मेहनतीवर अन्याय वाटतो. मी आता एकच मध्यम आकाराचा कप्प्यांचा डबा ठेवला आहे; तो भरला की नवे ठेवण्यापूर्वी जुने काढावे लागते.

रणगाडा_पस्तीस

माळा यांचा दर्जाचा मुद्दा मान्य आहे, परंतु रेझिनचे ते संच बहुधा परदेशातून मागवावे लागतात. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरले, तर चार क्षेपणास्त्रांच्या पुडीला कित्येकदा तिच्या छापील किमतीहून जास्त मोजावे लागतात आणि ती येईपर्यंत मॉडेल अर्धवट पडून राहते. विद्यार्थिदशेत हा छंद जोपासणाऱ्याला तो मार्ग परवडत नाही.

शिवाय ही चर्चा केवळ विमानांवर चालली आहे. १/३५ प्रमाणातल्या रणगाड्यांत उरलेल्या भागांचे मोल कितीतरी जास्त आहे. ड्रॅगन कंपनीच्या अनेक खोक्यांत वापरलेल्या भागांइतकेच भाग उरल्यासारखे वाटतात. फावडी, कुऱ्हाडी, जेरीकॅन, खोकी, गुंडाळलेली ताडपत्री हे सर्व कोणत्याही वाहनावर चालते, कारण युद्धात सैनिक हाताला लागेल ते सामान गाडीवर बांधत असत. पट्ट्याच्या उरलेल्या कड्यांचेही तसेच आहे. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांचे चालकदल जास्तीच्या कड्या बुरुजावर आणि पुढच्या पत्र्यावर अडकवत असे, जेणेकरून थोडे अधिक संरक्षण मिळावे. त्यामुळे माझ्याकडे पट्ट्याची एकही कडी वाया जात नाही.

धागाकर्त्यांच्या ‘आधी प्रमाण’ या नियमाबद्दल मात्र माझा आक्षेप आहे. मी अधूनमधून काल्पनिक अवकाशयानेही बनवतो. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी घडवलेल्या यानांचे पृष्ठभाग रणगाडे, विमाने, जहाजे अशा बाजारातल्या किटांच्या भागांनीच सजवले होते. तिथे तो भाग १/३५ चा की १/७२ चा, याला अर्थ नसतो. तो गोल आहे, नळीसारखा आहे की जाळीदार आहे, एवढेच पाहायचे असते. माझा निम्मा साठा म्हणून आकारानुसार लावलेला आहे.

पॉलिस्टायरीन

दोन्ही बाजूंच्या साठवणाऱ्यांना एक विनंती आहे. जुन्या किटांतले मऊ व्हायनलचे टायर आणि रबरासारखे पट्टे कठीण प्लास्टिकच्या भागांना टेकवून ठेवू नका. व्हायनल मऊ राहावे म्हणून त्यात जे द्रव्य मिसळलेले असते, ते हळूहळू बाहेर येऊन शेजारच्या पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या कठीण प्लास्टिकला, विरघळवते. मी एका डब्यात टायर आणि चाके एकत्र ठेवली होती. काही वर्षांनी उघडले, तेव्हा चाकांच्या कडा वितळून टायरला चिकटल्या होत्या. टायर वेगळ्या पिशवीत ठेवावेत.

डेकल्सही (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हे) सपाट, कोरड्या जागी ठेवावीत. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात त्यांच्या पाकिटात सिलिका जेलची पुडी ठेवावी. पिवळी पडलेली डेकल्स खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवली, तर पिवळेपणा बराच कमी होतो, त्यामुळे ती लगेच फेकू नयेत.

नवखा_चिमटा

मी दोनच किटे केली आहेत. भाग ठेवीन, पण चौकटीच्या रिकाम्या काड्यांचे काय करावे?

भरलेला_माळा

त्या खुशाल टाकाव्यात. त्यांचीही साठवण सुरू केली की घरात जागा उरत नाही.

बहात्तरावा_हिस्सा (धागाकर्ता)

सगळ्या टाकू नका, एवढीच दुरुस्ती सुचवतो. मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडे वर काडी फिरवत गरम केली आणि मऊ होताच ज्योतीपासून दूर नेऊन ताणली, की केसासारखा धागा निघतो. विमानाच्या अँटेनाची तार त्याहून स्वस्तात कशानेच होत नाही. काड्यांचे बारीक तुकडे पातळ सिमेंटमध्ये (प्लास्टिक जोडण्याच्या द्रवात) विरघळवले, तर सांधे भरण्याचा लगदा तयार होतो आणि तो मूळ प्लास्टिकसारखाच घासला जातो. यासाठी मूठभर काड्या पुरतात, बाकीच्या ठेवण्यात अर्थ नाही, हे मान्य. जपानमध्ये बांदाई कंपनीने २०२१ पासून गनप्लाच्या (गंडम यंत्रमानवांच्या किटांच्या) रिकाम्या चौकटी गोळा करून पुनर्वापराची सोय केली आहे. आपल्याकडे मी ज्या भंगारवाल्याला विचारले, त्याने एवढ्याशा प्लास्टिकला हात लावला नाही.

माळा यांच्या मुद्द्यावर मी दोन दिवस विचार केला. दुसऱ्या कशावरच न बसणाऱ्या शेपट्या आणि पंखांची टोके मी या रविवारी काढून टाकणार आहे. ती मी केवळ टाकवत नव्हती म्हणून ठेवली होती. शस्त्रांबाबत मात्र माझे मत बदललेले नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये आपल्या हवाई दलाचे मिग-२१ निवृत्त झाले आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या चौघांना बायसन, म्हणजे आपल्याकडची मिग-२१ ची सुधारित आवृत्ती, करायचे आहे. ज्यावरून बायसन घडले त्या मिग-२१ बिस आवृत्तीचे किट मिळते, पण बायसनची आर-७३ क्षेपणास्त्रे त्यात नसतात. ती मिग-२९ किंवा सुखोई-२७ च्या अनेक किटांत असतात. माझ्याकडे १/७२ च्या तीन जोड्या आहेत आणि त्यांचे पर पुरेसे पातळ आहेत. त्यातली एक जोडी मी स्वतःसाठी ठेवणार आहे. रणगाडा_पस्तीस यांनी सांगितलेली आकारानुसार मांडणी विमानांना लागू पडेल असे वाटत नाही, पण कॉकपिटच्या बारीक सामानाच्या कप्प्यात ती करून पाहतो, कारण तिथे प्रमाण लिहूनही मला अर्धा तास शोधावे लागते.